इलेक्ट्रिक कार ब्रेक मारताना वीज बनवते, ही आयडिया १४० वर्षं जुनी आहे! तिच्यामागचा माणूस : फ्रँक स्प्रेग

नॉर्वे, कॅनडासारख्या देशांत हिवाळा आला की इलेक्ट्रिक कार चालवणाऱ्यांना एक सवय लावून घ्यावी लागते. ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलायचा नाही.

कारण सोपं आहे. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की गाडी हळूहळू मंदावते. इलेक्ट्रिक कारमध्ये मात्र पाय उचलताच मोटर उलटं काम करायला लागते. आता मोटर चाकांना फिरवत नाही, चाकं मोटरला फिरवतात. मोटर जनरेटर बनते, वीज बॅटरीत परत जाते आणि या ओढीमुळे गाडीचा वेग कमी होतो. यालाच म्हणतात रीजनरेटिव्ह ब्रेकिंग.

कोरड्या रस्त्यावर हा फायद्याचा सौदा आहे. पण रस्त्यावर काचेसारखा बर्फाचा थर असेल आणि ही ओढ अचानक बसली, तर चाकाची पकड सुटते आणि गाडी घसरते.

हे सगळं आपल्याला एकदम नवं वाटतं. पण मोटरकडूनच ब्रेकचं काम करून घ्यायचं आणि वीज परत मिळवायची, हा प्रयोग १८८५-८६ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये झाला होता. करणाऱ्याचं नाव होतं फ्रँक ज्युलियन स्प्रेग. पकड, उतार आणि बर्फ या तिन्हींशी तो पुढे आयुष्यभर झगडला.

नौदलातला पोरगा विजेच्या नादी लागला

स्प्रेगचा जन्म १८५७ सालचा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. आई लहानपणीच गेली, पुढे आत्याने सांभाळलं. ॲनापोलिसच्या नेव्हल ॲकॅडमीतून १८७८ मध्ये तो बाहेर पडला आणि बोटीवर रुजू झाला. पण डोक्यात सतत वीज.

१८८२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी स्प्रेग तिथे पोचला. लंडनमध्ये फिरायला तो भुयारी रेल्वे वापरायचा. तेव्हा या गाड्या चक्क वाफेच्या इंजिनावर चालायच्या. बंद बोगद्यात धूर, काजळी आणि गुदमरलेले प्रवासी. हीच गाडी विजेवर चालवली तर? हा विचार तिथून जो डोक्यात बसला, तो बसलाच.

१८८३ मध्ये त्याने नौदल सोडलं आणि थॉमस एडिसनकडे नोकरी धरली. पण एडिसनचं सगळं लक्ष दिव्यांकडे, तर स्प्रेगचं मोटरकडे. वर्षभरातच तो बाहेर पडला आणि १८८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली.

मोटरच ब्रेक कशी बनते?

फिरणारी कुठलीही मोटर आतल्या आत स्वतःचाही एक विद्युतदाब तयार करत असते. तो तारेतल्या दाबापेक्षा कमी असतो तोपर्यंत वीज तारेतून मोटरकडे येते आणि गाडी पळते. तो तारेतल्या दाबापेक्षा वाढला, की प्रवाह उलटतो. वीज मोटरकडून तारेत जायला लागते आणि गाडीचा वेग मंदावतो.

स्प्रेगने मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र वाढवून हा दाब मुद्दाम वर नेला. मॅनहॅटनमधल्या एका साखर कारखान्याच्या भिंतींमध्ये रुळाचा छोटा तुकडा टाकून त्याने हे प्रयोग केले.

पण यात दोन अडचणी होत्या. पहिली : तयार झालेली वीज घेणार कोण? त्याच तारेवर दुसरी एखादी गाडी त्याच क्षणी वीज ओढत असेल तरच ती कामी येणार. दुसरी : मोटर कितीही ताकदीची असली तरी जोर शेवटी चाकातूनच जाणार. चाकाखाली जेवढी पकड, तेवढाच ब्रेक. आणि चढताना जोरही तेवढाच.

या पकडीची खरी परीक्षा झाली रिचमंडमध्ये.

९० दिवस, ४० गाड्या आणि एक घसरडा चढ

१८८७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराने ट्राम विजेवर चालवायचं ठरवलं. स्प्रेगने कंत्राट घेतलं : सुमारे १९ किलोमीटरचा मार्ग, ४० गाड्या, वीजघर आणि तारा. मुदत फक्त ९० दिवस. किंमत १ लाख १० हजार डॉलर, तीही काम पसंत पडलं तरच.

कंत्राटावर सही झाली आणि स्प्रेगला टायफॉइड झाला. तो अंथरुणातून उठून पाहतो तर रूळ लाल चिखलात कसेबसे टाकलेले, वळणं वेडीवाकडी आणि काही ठिकाणी चढ १० टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर. घोडे-खेचरांनाही घाम फोडणारा.

एवढ्या चढावर लोखंडी चाकं लोखंडी रुळांवर पकड धरतील का, याची खुद्द स्प्रेगलाही खात्री नव्हती. मग एका रात्री त्याने गाडी काढली आणि चढाला लावली. गाडी चढली! पकड पुरली. पण मोटर इतकी तापली की वर पोचून ती बंदच पडली. भोवती बघ्यांची गर्दी. स्प्रेगने काहीतरी किरकोळ बिघाड असल्याचं सांगितलं आणि लोक पांगेपर्यंत तो गाडीतच आडवा झाला. नंतर अंधारात ती गाडी ओढून न्यायला खेचरंच बोलवावी लागली.

पुढचे काही महिने मोटरी जळत राहिल्या, गिअर तुटत राहिले, पदरचे हजारो डॉलर गेले. अखेर २ फेब्रुवारी १८८८ रोजी ऐन हिवाळ्यात सेवा सुरू झाली. मोठ्या शहरात यशस्वी झालेली ही पहिली मोठी विद्युत ट्राम मानली जाते.

त्याच वर्षी बोस्टनच्या ट्राम कंपनीचा प्रमुख हेन्री व्हिटनी पाहायला आला. त्याला शंका होती की अनेक गाड्या एकाच वेळी निघाल्या तर वीज पुरेल का? स्प्रेगने मध्यरात्री २२ गाड्या एकामागे एक उभ्या केल्या आणि पाठोपाठ सोडल्या. दिवे मंदावले, पण सगळ्या गाड्या निघाल्या. बोस्टन विजेवर आलं आणि त्यामागोमाग जगभरातली शहरं.

सगळी चाकं कामाला लावा

१८९० मध्ये एडिसनच्या कंपनीने स्प्रेगची कंपनी विकत घेतली आणि यंत्रांवरून त्याचं नावही काढून टाकलं. स्प्रेग संतापून बाहेर पडला. मग काही वर्षं त्याने विजेच्या लिफ्ट बनवल्या.

१८९७ मध्ये त्याने आणखी एक कल्पना प्रत्यक्षात आणली. तोवर आगगाडी म्हणजे पुढे एक जड इंजिन आणि मागे डबे. ओढणारी चाकं फक्त इंजिनाची. स्प्रेग म्हणजे उलटा विचार करणारा माणूस. त्याने मोटरी डब्यांखालीच बसवल्या आणि त्या सगळ्या एकाच चालकाच्या एका मुठीने चालतील अशी सोय केली. याचं नाव मल्टिपल युनिट. शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेसाठी हे काम झालं. चाचणीत तर त्याने आपल्या शाळकरी मुलाला गाडी चालवायला दिली होती.

याने पकडीचा प्रश्नही हलका झाला. जोर चार-सहा चाकांवर एकवटण्याऐवजी अनेक चाकांत वाटला गेला, त्यामुळे एकेक चाक घसरण्याची शक्यता कमी झाली.

आणि मग बर्फ

१९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यू बोगद्यात वाफेच्या धुरामुळे सिग्नल दिसला नाही आणि दोन गाड्यांची टक्कर झाली. १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर ग्रँड सेंट्रल स्टेशनकडे येणाऱ्या गाड्या विजेवर आणायचं ठरलं. या गाड्यांना वीज मिळणार होती रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून. पण न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात त्यावर बर्फ साचला तर गाडी जागेवर थांबणार.

स्प्रेग आणि मुख्य अभियंता विल्यम विल्गस यांनी यावर साधा उपाय काढला. तिसऱ्या रुळाला वरून आणि बाजूंनी झाकायचं आणि गाडीने वीज घ्यायची ती त्याच्या खालच्या बाजूने. बर्फ पडला तरी वर पडणार! न्यूयॉर्कच्या मेट्रो-नॉर्थ रेल्वेवर ही पद्धत आजही चालू आहे.

मुंबईपासून बर्फाळ रस्त्यापर्यंत

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेवरची लोकल धावली. वेगळं इंजिन न लावता डब्यांखालच्या मोटरींवर पळणारी आपली लोकल म्हणजे स्प्रेगचंच मल्टिपल युनिट. तेव्हा तो हयात होता. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. मुंबईच्या नव्या लोकल आता ब्रेक लावताना तारेत वीज परत सोडतात.

आता पुन्हा बर्फावरची इलेक्ट्रिक कार पाहा. स्प्रेगपुढच्या दोन्ही अडचणी तिथे तशाच हजर आहेत. वीज घेणार कोण? कडाक्याच्या थंडीत गारठलेली बॅटरी वेगाने चार्ज होऊ शकत नाही, म्हणून गाडी स्वतःच हे ब्रेकिंग कमी करते. रोजच्यासारखी ओढ बसेल असं गृहीत धरणारा चालक इथेच फसतो. आणि पकड? दोनच चाकांना मोटर असेल तर ही ओढ फक्त त्या दोघांवर येते. मागची चाकं असतील तर गाडीचा मागचा भाग भरकटू शकतो. चाक घसरतंय हे कळताच गाडीतली यंत्रणा ओढ सैल करते, पण नसलेली पकड ती आणू शकत नाही.

म्हणून अशा रस्त्यावर रीजनरेटिव्ह ब्रेकिंगची पातळी कमी ठेवायची, हिवाळी टायर लावायचे, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं आणि पाय सावकाश उचलायचा. चारही चाकांना मोटरचा जोर असलेल्या गाडीत ओढ चौघांत वाटली जाते, त्यामुळे ती जास्त स्थिर राहते. मात्र बर्फावर थांबायला लागणारं अंतर तिलाही चुकत नाही.