टांकसाळीच्या नेलीबाई

आम्हा बँकवाल्यांना नेली टेलो रॉस यांचे चरित्र जवळचे वाटते. त्यांचे पती विल्यम रॉस वायोमिंग राज्याचे गव्हर्नर होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये ते वारले. अमेरिकेत गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो. महिन्याभरातच झालेल्या निवडणुकीत, प्रचाराला न फिरताही, नेलीबाई जिंकल्या आणि ५ जानेवारी १९२५ रोजी त्या देशातील पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. त्यात सहानुभूतीचा वाटा होताच. १९२६ मध्ये त्या थोडक्यात हरल्या, पण घरी बसल्या नाहीत. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सरकारी टांकसाळींचे प्रमुखपद दिले. तिथेही त्या पहिल्याच महिला. युद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ मध्ये पोलादी सेंट पाडले गेले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. २० वर्षे त्यांनी हा कारभार सांभाळला. १९७७ मध्ये, १०१ वर्षांच्या होऊन त्या गेल्या. सहानुभूतीने खुर्ची एकदा मिळते. वीस वर्षे ती कामानेच टिकते, असे आम्हाला वाटते.