साष्टीचं नाव समुद्रावर नेणारा माणूस

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सगळा भाग म्हणजे जुनं साष्टी बेट. इंग्रज त्याला 'साल्सेट' म्हणायचे. याच नावाची एक ब्रिटिश युद्धनौका होती. १८०५ साली ती मुंबईत पाण्यात उतरली. कवी बायरन १८१० मध्ये तिच्यातूनच इस्तंबूलला गेला. ती बांधली होती जमशेदजी बमनजी वाडिया यांनी.

जमशेदजींचे आजोबा लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि इथल्या गोदीचे मुख्य कारागीर झाले. पण नातवाला आयती खुर्ची मिळाली नाही. चुलतभाऊ फ्रामजींसोबत जमशेदजीही महिना १२ रुपयांवर साधे सुतार म्हणून लागले. लाकूड तासतच वर चढले आणि एक दिवस आजोबांच्या जागी पोहोचले.

तेव्हा इंग्लंड नेपोलियनशी लढत होतं आणि जहाजांसाठी लागणारं ओकचं लाकूड तिथे कमी पडू लागलं होतं. मुंबईत मलबारचा साग होता, जो समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. प्रश्न एवढाच होता, की ब्रिटिश नौदलाची मोठी युद्धनौका एका भारतीयाच्या हाती सोपवायची का? जमशेदजींनी उत्तर कामातून दिलं. १८१० मध्ये ७४ तोफांची 'मिंडेन' तयार झाली. भारतात बांधलेली या दर्जाची ही पहिलीच ब्रिटिश युद्धनौका. पाठोपाठ १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' आली. चीनला हाँगकाँग ब्रिटनला द्यायला लावणारा १८४२ चा नानकिंग करार याच जहाजावर झाला. म्हणजे मुंबईची ही कारागिरी साम्राज्याच्याच कामी आली, हेही विसरून चालणार नाही.

सगळ्यात भारी गोष्ट 'त्रिंकोमाली'ची. तिचे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२ च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलजवळ अमेरिकन नौदलाने पकडून जाळलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ ला 'त्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरली. चार वर्षांनी, १८२१ मध्ये, जमशेदजी गेले.

जहाज मात्र राहिलं. पुढे ते प्रशिक्षणासाठी वापरलं गेलं, मोडकळीला आलं, मग नीट दुरुस्त झालं. आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल या बंदराच्या शहरात ते संग्रहालय म्हणून उभं आहे, तेही पाण्यावर तरंगत. तिकीट काढून लोक त्याच्या डेकवर फिरतात. जमशेदजींचं तैलचित्रही तिकडेच, ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहे.

आणि मुंबईत? त्यांची गोदी आता नौदलाच्या ताब्यात आहे, सहज आत जाता येत नाही. वाडिया हे नाव आपल्याला हॉस्पिटलमुळे माहीत असतं, जहाजांमुळे क्वचितच. त्यांचं जहाज बघायला व्हिसा लागतो. गोदीची भिंत बघायला मात्र चर्चगेटला उतरून लायन गेटपर्यंत चालत गेलं तरी पुरे.