सम्राट अशोक : आपली चूक दगडावर कोरणारा राजा

जगाच्या इतिहासात राजे पुष्कळ होऊन गेले. लढाया जिंकणारेही पुष्कळ झाले. जो जिंकला त्याने विजयस्तंभ उभारले, भाटांकडून आपले गोडवे गाऊन घेतले. पण लढाई जिंकल्यावर, सत्ता हातात असताना, जाब विचारणारा कुणी नसताना, या युद्धात किती माणसं मेली आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो आहे, हे स्वतःहून दगडावर कोरून ठेवणारा राजा शोधू गेलो तर सम्राट अशोकापाशीच येऊन थांबावं लागतं.

दरवर्षी आपण अशोक विजयादशमी साजरी करतो. त्याचं चक्र राष्ट्रध्वजावर अभिमानानं बघतो. परंतु हा माणूस कसा घडला, नेमकं काय करून गेला आणि आपल्या मातीत काय ठेवून गेला, हे पुष्कळांना माहीत नसतं. विहाराच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने हे चरित्र थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मौर्य साम्राज्याचा संस्थापक चंद्रगुप्त हा अशोकाचा आजोबा आणि बिंदुसार हा पिता. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. बौद्ध परंपरा सांगते की, तरुणपणी पित्याने अशोकाला उज्जैनचा कारभार बघायला पाठवले. तिकडे जाताना विदिशा येथे एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, देवीशी, त्याचा विवाह झाला. महिंद आणि संघमित्ता ही त्यांची मुलं. बिंदुसाराच्या मृत्यूनंतर गादीसाठी भावाभावांत झगडा झाला आणि अशोकाने ९९ भावांना ठार मारले, अशीही कथा ग्रंथांत येते. ती जशीच्या तशी खरी धरता येत नाही, कारण अशोकाच्या स्वतःच्या शिलालेखात, राज्याभिषेकाला १३ वर्षं होऊन गेल्यावरही, आपल्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. आधीचा अशोक जितका क्रूर दाखवावा तितका धम्माचा प्रभाव उठून दिसतो, असं कथाकारांना वाटलं असावं. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास त्याला राज्याभिषेक झाला.

राज्याभिषेकाला ८ वर्षं झाल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास, त्याने कलिंगावर स्वारी केली. कलिंग म्हणजे आजच्या ओडिशाचा किनारपट्टीचा मुलूख. युद्ध अशोकाने जिंकले. या युद्धाचा हिशेब त्याच्याच १३ व्या शिलालेखात आहे. दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट नंतर मेली. हे आकडे गोळाबेरजेचे असतील; पण बघा, ते मोजतो आहे कोण? जिंकलेला राजा! आणि मोजतो आहे कुणाला? हरलेल्यांना!

नुसते आकडे देऊन तो थांबत नाही. त्या मुलखात आई-वडिलांची सेवा करणारी, गुरूचा मान राखणारी, मित्रांशी आणि नोकरचाकरांशी नीट वागणारी साधी माणसं राहतात. त्यांच्यावर हा घाला पडतो, हे त्याला सलतं. जे स्वतः वाचतात त्यांनाही आपले मित्र, सोयरे गेल्याचं दुःख भोगावंच लागतं, हेही तो नोंदवतो. युद्धातल्या बातमीत आजही सैनिकांची संख्या येते. मागे राहिलेल्यांच्या दुःखाची नोंद क्वचितच होते. अशोकाने ती सव्वादोन हजार वर्षांपूर्वी केली.

कलिंगाच्या रणांगणावर उभ्या उभ्या तलवार फेकली आणि एका क्षणात राजा बदलला, असं चित्र आपण नाटकात आणि सिनेमात पाहिलं आहे. खरी हकीकत जास्त शिकण्यासारखी आहे. आपल्या लघुशिलालेखात अशोक सांगतो की, मी उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ झाला, पण पहिल्या वर्षी माझ्या हातून फारसा प्रयत्न झाला नाही. पुढे संघाच्या जवळ गेलो तेव्हा उत्साहाने लागलो. म्हणजे एवढा मोठा सम्राट, तोही हळूहळूच बदलला. सवयी एका दिवसात सुटत नाहीत. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज हजारो प्राणी मारले जात. ते कमी होत होत दोन मोर आणि एक हरीण एवढ्यावर आले, हरीणही रोज नाही, आणि पुढे तेही बंद होईल, असे पहिल्या शिलालेखात लिहिले आहे. आम्ही प्राणीहत्या पूर्ण थांबवली अशी फुशारकी त्याला मारता आली असती. त्याने खरं तेवढंच लिहिलं.

राज्यकारभारही बदलत गेला. माणसांसाठी आणि जनावरांसाठीसुद्धा औषधोपचाराची सोय केली. जिथं औषधी वनस्पती नव्हत्या तिथं त्या आणून लावल्या. रस्त्यांच्या कडेला वडाची झाडं, आंब्याच्या राया, विहिरी, धर्मशाळा आणि पाणपोया केल्या. आपण जेवत असलो, अंतःपुरात असलो, बागेत असलो तरी प्रजेचं काम आल्यास लगेच कळवावं, असा हुकूम अधिकाऱ्यांना दिला. धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमून वृद्ध, अनाथ आणि कैदी यांच्याकडे लक्ष देण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर तो तथागतांच्या जन्मस्थानी, लुंबिनीला गेला. तिथं त्याने स्तंभ उभारला, गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि शेतसाऱ्याचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. श्रद्धेचा फायदा गावच्या कुणब्यालाही मिळाला पाहिजे, ही त्याची रीत होती.

तो स्वतः बौद्ध उपासक होता, तरी दुसऱ्या पंथांना त्याने तुच्छ लेखलं नाही. गयेजवळच्या बराबर डोंगरातल्या लेण्या त्याने आजीवकांना दान दिल्या. आपल्या पंथाचा उदो उदो करताना दुसऱ्याची निंदा करणारा माणूस आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असा १२ व्या शिलालेखाचा आशय आहे.

मग अशोकात उणं काहीच नव्हतं का? होतं, आणि ते झाकण्याचं कारण नाही. त्याने कलिंग परत केलं नाही. सैन्य मोडलं नाही. रानातल्या लोकांना त्याने दयेबरोबर आपल्या सामर्थ्याचीही जाणीव करून दिली. देहदंड रद्द केला नाही. शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. कलिंगातल्या धौली आणि जौगड इथल्या शिलालेखांत पश्चात्तापाचा तो १३ वा लेखही नाही. त्या जागी अधिकाऱ्यांसाठी वेगळे हुकूम आहेत : सगळी प्रजा मला मुलांसारखी आहे, कुणाला विनाकारण तुरुंगात डांबू नका, छळू नका, न्याय करताना मत्सर, घाई आणि आळस टाळा. ज्यांची घरं जळाली त्यांच्यासमोर मेलेल्यांचे आकडे वाचण्यापेक्षा तिथला कारभार सुधारणं जास्त गरजेचं, असा विचार त्यामागे असावा. सिंहासनावर बसून जेवढं बदलता येतं तेवढं बदलू पाहणारा तो माणूस होता. तो देव नव्हता, म्हणूनच त्याच्याकडून शिकता येतं.

बौद्ध परंपरेनुसार त्याच्या काळात मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली पाटलिपुत्र येथे तिसरी धम्मसंगीती झाली आणि त्यानंतर देशोदेशी धम्मप्रचारक गेले. महिंद आणि पाठोपाठ संघमित्ता श्रीलंकेला गेले. महाधम्मरक्खित हे थेर महारट्ठात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आले आणि योनक धम्मरक्खित अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत आले. योनक म्हणजे ग्रीक. परक्या वंशाचा एक भिक्खू आमच्या किनाऱ्यावर धम्म सांगायला आला, ही गोष्ट जातीच्या कुंपणात वाढलेल्या समाजाने विसरता कामा नये.

ही नुसती परंपरा म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याला, जुन्या शूर्पारक बंदरात, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या ८ व्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ साली जवळच्याच भुईगावात ९ व्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. हा योगायोगच, पण मनात ठेवण्याजोगा.

या दोन शिलालेखांत आहे तरी काय? आठव्यात राजा सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली करीत. मी राज्याभिषेकाला १० वर्षं झाल्यावर बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत वृद्धांना भेटायचं, दान द्यायचं, खेड्यातल्या माणसांशी धम्माबद्दल बोलायचं. नववा शिलालेख तर थेट आपल्या घरातलाच वाटतो. आजारपणात, लग्नात, बाळाच्या जन्मात, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे विधी करतात, आणि त्यातून फारसं फळ मिळत नाही, असं त्यात म्हटलं आहे. असे विधी बायामाणसं फार करतात, अशी टिप्पणीही आहे. आज आपल्या वस्तीत बघितलं तर पुरुषमंडळीही मागे नाहीत! मग खरं मंगल कशात? तर दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, गुरुजनांचा मान ठेवणं, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास अशोकाचा अंत झाला. अखेरच्या दिवसांबद्दल एक आख्यायिका आहे. मंत्र्यांनी खजिन्यावरचा त्याचा हक्क काढून घेतला आणि संघाला द्यायला त्याच्या हाती अर्धा आवळा उरला. तोही त्याने देऊन टाकला. पुढे ५० वर्षांच्या आत मौर्य साम्राज्य संपलं. त्याचे लेख वाचता येईनासे झाले आणि पुराणांच्या वंशावळीत तो केवळ एक नाव म्हणून उरला. श्रीलंकेच्या भिक्खूंनी मात्र पाली ग्रंथांतून त्याची आठवण जपली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, आणि लेखांतला प्रियदर्शी म्हणजे अशोकच, हे त्या पाली ग्रंथांच्या आधारानेच जॉर्ज टर्नर यांना दाखवता आलं. १९१५ साली कर्नाटकात मस्की येथे अशोक हे नाव कोरलेला लेख सापडला आणि शंका फिटली. स्वतंत्र भारताने २२ जुलै १९४७ रोजी त्याचं चक्र ध्वजावर घेतलं आणि २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचे सिंह राजमुद्रा म्हणून स्वीकारले.

बंधू-भगिनींनो, सिंह आणि चक्र सरकारने घेतले, ते योग्यच झाले. पण सोपाऱ्याचे ते दोन तुकडे आपल्या वाट्याला आले आहेत. ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मुलाबाळांना घेऊन एकदा जाऊन बघा. आणि विहारात वंदनेला येताना प्रत्येकाने स्वतःला एवढंच विचारावं : माझ्या हाताखाली काम करणाऱ्याशी मी कसा वागतो? घरात लग्नकार्य निघालं की जुने विधी मागच्या दाराने परत येतात का? माझ्या हातून कुणावर अन्याय झाला तर तो कबूल करायची माझी तयारी आहे का? सम्राटाला ते जमलं होतं. आपल्याकडे ना राज्य, ना सिंहासन. कबूल केलं तर आपलं जाणार तरी काय?