अपयशही नोंदविणारे शल्यविशारद
कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत असो वा मुंबईत, स्वादुपिंडाच्या शिरोभागात गाठ आढळली की ‘व्हिपल’ हे नाव कुटुंबाच्या कानी पडते. डॉ. अ‍ॅलन व्हिपल यांचा जन्म १८८१ मध्ये इराणमधील उर्मिया येथे अमेरिकन मिशनरी कुटुंबात झाला. १९२१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

स्वादुपिंडाचा शिरोभाग व लगतचे आतडे काढून उरलेले अवयव जोडण्याची ही शस्त्रक्रिया बर्लिनचे वॉल्टर काउश यांनी १९०९ मध्येच केली होती. मात्र ती रुळली नाही. व्हिपल यांचा पहिला रुग्ण दोन दिवसांच्या आत दगावला. पाचकरसाने कॅटगटचे टाके विरघळले होते. पुढे त्यांनी रेशमी धागा वापरला. पहिल्या मृत्यूसह तिन्ही रुग्णांची हकीकत त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. दोन टप्प्यांतील ही शस्त्रक्रिया १९४० मध्ये त्यांनी एकाच टप्प्यात पार पाडली. कारकिर्दीत त्यांनी अशा ३७ शस्त्रक्रिया केल्या.

१९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या काळी चारपैकी सुमारे एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावत असे. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. जोडातून पाचकरस गळण्याचा धोका मात्र कायम असून, पहिले काही दिवस निर्णायक ठरतात.