ताराबाईंचे पुस्तक

दर २५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर मावळ-लोणावळ्याच्या आपल्या आयाबहिणी येतात. बाईने स्वतःचा मार्ग शोधल्याची पुस्तके त्या आवडीने घेतात. त्यांच्या पिशवीत ताराबाई शिंदे असायलाच हव्यात.

बुलढाण्याचे सत्यशोधक बापूजी हरी शिंदे यांची ही लेक वडिलांकडे घरीच शिकली. १८८१ साली सुरतेच्या कोर्टाने विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली. पुढे हायकोर्टाने ती काळ्या पाण्यावर आणली. वर्तमानपत्रांनी मात्र सगळ्या स्त्रीजातीलाच आरोपी केले. मराठा घरातल्या ताराबाई त्या ब्राह्मण विधवेसाठी उभ्या राहिल्या. त्यांनी उलटतपासणी घेतली ती पुरुषांची: विधवेला पुनर्विवाह कोणी नाकारला, आणि तिला फसवणारा कुठे आहे? १८८२ मध्ये पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून निघाली. इतका बिनतोड युक्तिवाद मी कोर्टातही क्वचितच ऐकला आहे.

टवाळी झाली, आणि ती करणाऱ्यांत सत्यशोधक चळवळीतलेही काही पुरुष होते! जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांना खडसावले. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही. पहिलेही विस्मृतीत गेले. ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले.