ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे मिळतात, त्यामागे बाबासाहेबांचा हात आहे. पण किस्सा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तसा नाही

१ मे आला किंवा १४ एप्रिल आला की एक पोस्ट हमखास फिरते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली कामाचे तास १४ वरून ८ वर आणले, असं त्यात लिहिलेलं असतं. भावना बरोबर आहे, पण आकडे आणि साल चुकीचं आहे. खरं जे घडलं ते आजही लाखो कामगारांच्या पगारपत्रकात दिसतं.

त्यासाठी आधी परळला जावं लागेल.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूचा. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले आणि पुढे हे कुटुंब मुंबईत आलं. परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. कोलंबिया आणि लंडनमधून शिकून आलेला हा माणूस पुढेही बरीच वर्षं याच चाळीत राहिला. आजूबाजूला सगळी गिरणगावाची वस्ती. भोंगा वाजला की लोक कामाला निघायचे.

या गिरण्यांमध्ये एक गोष्ट उघड चालायची. कापड विणण्याच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर, पगार जास्त मिळायचा. पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धाग्याला तोंड लावावं लागतं आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला. कामगारांची एकी हवी असेल, तर आधी हा भेद मोडा, अशी त्यांची भूमिका होती.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. त्याने कामगारांच्या संप करण्याच्या हक्कावर गदा येणार होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत संप झाला आणि त्यात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या सोबतीने उतरले. एरवी या दोघांचं फारसं जमायचं नाही. विधेयक मंजूर झालंच, पण कामगारांचा नेता म्हणून बाबासाहेबांचं नाव आणखी मोठं झालं.

मग आलं १९४२. त्या वर्षी जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, म्हणजे आजच्या भाषेत कामगारमंत्री. तेव्हा १९३४ चा फॅक्टरी कायदा लागू होता. त्यानुसार बारमाही कारखान्यांत मोठ्या माणसांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. म्हणजे १४ तास हा आकडा तेव्हाच्या कायद्यात नव्हताच.

१९४६ साली बाबासाहेबांनी या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. ते मंजूर झालं आणि दोन मोठे बदल झाले. आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, म्हणजे सहा दिवस रोज आठ तास. आणि त्यावरच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे द्यायचे ठरले.

दुसरा बदल पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. नुसती मर्यादा घातली, तर मालक कामगाराला थांबवून घेणारच. पण जास्तीचा तास दुप्पट महाग पडला, तर तो दहादा विचार करतो.

पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात हे दोन्ही नियम आले. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि कामगार खातं जगजीवन राम यांच्याकडे होतं. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं, तर दुप्पट दर, असं कलम ५९ मध्ये लिहिलं गेलं. नव्या कामगार संहितेतही दुप्पट दर कायम आहे.

आता हा हिशोब करायचा कसा?

समजा महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे. कामाचे दिवस २६ धरले तर रोजचे झाले ६००. त्याला ८ ने भागलं की तासाचे ७५ रुपये. ओव्हरटाइमचा दर त्याच्या दुप्पट, म्हणजे १५० रुपये.

एखादा कामगार सहा दिवस रोज १० तास राबला, तर आठवड्याचे ६० तास भरले. त्यातून ४८ वजा केले की उरले १२ तास. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० रुपये. कुणी रोजच्या ९ तासांच्या वरचाच एक तास धरला, तर ओव्हरटाइम फक्त ६ तासांचा निघेल आणि त्याच आठवड्यात ९०० रुपये बुडतील. म्हणून आठवड्याची बेरीज करून बघायचीच.

अजून एक. फॅक्टरी कायद्यात हा दर काढताना मूळ पगारासोबत भत्तेही धरले जायचे. बोनस मात्र धरत नसत. ओव्हरटाइम फक्त मूळ पगारावर काढला असेल, तर विचारायला हवं.

बाबासाहेबांचं निधन ६ डिसेंबर १९५६ ला झालं. त्यांची ओळख संविधानामुळे आहेच. पण शिफ्ट संपल्यावर कुणी अजून दोन तास थांबलं आणि त्याचे दुप्पट पैसे खात्यात आले, तर त्यातही परळच्या चाळीत राहिलेल्या या माणसाचा वाटा आहे.