पहिला आयसीएस, दुसरा टागोर

सुरुवातीलाच कबूल करते की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी दहावीपर्यंत फक्त पास होण्यापुरतं केलं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच का लिहिला, ते शेवटी कळेल.

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण वायडी झाली. मी तिच्याच नोट्स वाचून पास झाले आणि ती राहिली. निकालाच्या दिवशी तिच्याशी काय बोलावं हेच मला कळेना. त्याच सुमारास घरी यूपीएससीचा विषय निघाला. बाबांना मी कलेक्टर व्हावं असं वाटतं. म्हणून मी ही परीक्षा मुळात सुरू कशी झाली ते वाचायला घेतलं आणि त्यात मला सत्येंद्रनाथ टागोर भेटले.

रवींद्रनाथांना आपण सगळे ओळखतो. सत्येंद्रनाथ हे त्यांचे थोरले भाऊ, तब्बल 19 वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म 1842 चा, कलकत्त्याच्या जोडासांकोच्या वाड्यातला. देवेंद्रनाथांचे ते दुसरे चिरंजीव.

आधी परीक्षेबद्दल थोडं. पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांची ओळख असेल तरच या नोकरीत प्रवेश मिळायचा. 1853 च्या कायद्याने वशिला गेला आणि 1855 मध्ये लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. मेकॉले समितीने सुचवलेले विषय बघा. इंग्रजीला 1500 गुण, गणिताला 1000, ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी 750, विज्ञानाला 500. संस्कृत आणि अरबीला फक्त 375! एकूण गुण 6875. कागदावर परीक्षा सगळ्यांना खुली होती, पण केंद्र एकच, लंडन. म्हणजे आपल्या मुलाने आधी समुद्र ओलांडायचा (तेव्हा त्यासाठी जातीबाहेर टाकत), आणि मग तिथल्या मुलांशी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच विषयांत टक्कर द्यायची.

1862 मध्ये सत्येंद्रनाथ आपला मित्र मनमोहन घोष याच्याबरोबर बोटीने इंग्लंडला निघाले. दोघांनी एकत्रच अभ्यास केला. 1863 च्या परीक्षेत सत्येंद्रनाथ निवडले गेले. असे यश मिळवणारे ते पहिले भारतीय. मनमोहन मात्र राहिला. त्यानंतर संस्कृत आणि अरबीचे गुण कमी करण्यात आले. आपल्या मुलांना जिथे मार्क मिळायचे तेच विषय हे! 1866 पासून वयाची अट 22 वरून 21 वर आली आणि पुढे 1870 च्या दशकाच्या अखेरीस तर ती 19 झाली. मनमोहनने दोनदा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

वयाच्या नियमाचा फटका आपल्याकडच्या माणसालाही बसला. 1869 मध्ये मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी परीक्षा पास झाले, पण वय जास्त आहे असं म्हणून दोघांची नावं काढून टाकली. घोळ असा होता की आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगायची पद्धत, आणि साहेब मोजणार पूर्ण झालेली वर्षं. शेवटी भांडून दोघांनी आपली जागा परत मिळवली.

सत्येंद्रनाथ 1864 मध्ये परत आले आणि त्यांची नेमणूक झाली मुंबई इलाख्यात. इथून पुढे ते थोडे आपलेच होतात. अहमदाबाद, कारवार, सोलापूर, सातारा अशा ठिकाणी त्यांनी सुमारे 30 वर्षं नोकरी केली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी पडदा सोडून त्यांच्याबरोबर मुंबईला आल्या. इथल्या पारशी बायकांचं बघून त्यांनी साडी नेसायची नवी पद्धत बसवली आणि ती बंगालमध्ये नेली. कोवळ्या वयातले रवींद्रनाथ इंग्लंडला जाण्याआधी भावाकडे अहमदाबादला राहिले, आणि मग इंग्रजी सुधारायला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी.

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर सत्येंद्रनाथ साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. त्याच्या वर काही त्यांना मिळालं नाही. परीक्षेने दार उघडलं, पण आतले जिने वेगळेच होते, असं मला वाटतं. 1923 मध्ये ते वारले.

आणि मनमोहन? तो 1866 मध्ये बॅरिस्टर झाला. कलकत्ता हायकोर्टात त्याने मोठं नाव कमावलं, गरिबांच्या केसेस लढवल्या, आणि आयसीएसच्या अन्यायकारक नियमांविरुद्ध तो बोलत राहिला. नापास झालेल्या माणसालाच परीक्षेतली खोट सगळ्यात नीट दिसली. हे वाचून मी मैत्रिणीला फोन केला. सल्ला वगैरे काही दिला नाही, फक्त या दोघांची गोष्ट सांगितली. पुढच्या सेमची तयारी आता आम्ही एकत्र करतोय.

आता मराठीबद्दल. इथे नोकरी करायची तर इथली भाषा शिकणं सत्येंद्रनाथांना भागच होतं. पण ते कामापुरतं शिकून थांबले नाहीत. या बंगाली माणसाने तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. त्यासाठी गुण नव्हते आणि बढतीही नव्हती. मी महाराष्ट्रात जन्मले, आणि तुकारामांचे अभंग मला पाठ्यपुस्तकाबाहेर माहीत नाहीत. हे वाचलं तेव्हा खरंच लाज वाटली.

यूपीएससी देणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण आजीकडची गाथा मात्र मी खोलीवर आणली आहे. रोज एक अभंग, हळूहळू, अडखळत वाचते. सिलॅबसमध्ये नाही, तरीसुद्धा.